१४ गुंठे आणि एक वही

नणंदेने परवा कॅनडाहून एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतलं ख्रिस्ती कुटुंब, लाकडी घर, सहा मुलं, अंगणात कोंबड्या. बाई फुलाफुलांच्या झग्यावर पांढरा एप्रन बांधून पीठ मळतेय, नवरा जेवणाआधीची प्रार्थना सांगतोय. आणि खाली "होमस्टेडिंग" असं नाव देऊन लिहिलंय की आम्ही अगदी थोड्या पैशांत, स्वतःच्या जमिनीवर, कोणावरही अवलंबून न राहता जगतो. सोबत नणंदेचा निरोप: "वहिनी, हे तर तुमचंच चाललंय की!"

दोनदा पाहिला. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आमच्या स्वयंपाकघरात एवढा उजेड दिवाळीतसुद्धा पडत नाही. पण ते "कोणावरही अवलंबून न राहता" घशात अडकलंय ते अडकलंयच. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा आला तर मधलं सोडून थेट शेवटाला जा, तिथे केळी आहेत.

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले कुपारी, म्हणजे सामवेदी कॅथलिक. घरात कादोडी बोलतो, शाळा मराठीत झाली. घराभोवती १४ गुंठ्यांची वाडी आहे. केळी, अकरा नारळ, सात सोनचाफे, कुंपणावर तोंडली, विहिरीच्या ओलीवर अळू, आणि नऊ गावठी कोंबड्या. नवरा एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दोन मुलं, सासूबाई, मी. मी २०१९ पासून खर्चाची वही ठेवते, पै न् पै लिहिते. त्यामुळे "थोड्या पैशांत" या विषयावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं मी समजते.

तर वही काय सांगते? नारळ, केळी, अंडी, अळू, तोंडली, कढीपत्ता, लिंबं विकत आणावी लागत नाहीत. तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा, गॅस, मासळी, फी, वीज हे सगळं विकत. म्हणजे जेवणाच्या ताटातलं तोंडी लावणं वाडीतून येतं आणि ताट पगारातून. पूर्वी खाचरात भात व्हायचा, तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता ऑक्टोबरात आगेऱ्याच्या, म्हणजे नव्या पिकाच्या सणाच्या, मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) आम्ही ज्या लोंब्या आशीर्वादाला नेतो, त्या शेजारच्या काकांच्या शेतातल्या असतात. काका दरवर्षी न मागता जुडी आणून ओट्यावर ठेवतात.

हा होमस्टेड शब्द कुठून आला तेही बघा. १८६२ साली अमेरिकेत कायदा झाला. नाममात्र फी भरा, पाच वर्षं राहून जमीन कसा, की १६० एकर तुमची. १६० एकर म्हणजे ६४०० गुंठे! आणि ती जमीन काही रिकामी पडलेली नव्हती, तिथल्या मूळ लोकांना हुसकून मोकळी केलेली होती. म्हणजे "स्वतःच्या बळावर" या कल्पनेच्या मुळाशीच कुणीतरी दुसऱ्याने मोजलेली किंमत आहे. हे त्या एप्रनवाल्या बाईला सुनावायचं नाहीये, तिचा काय दोष. पण स्वस्तात जगणाऱ्याने अधूनमधून विचारावं की बाबा रे, फरक कोण भरतंय?

माझ्यापुरतं विचारते. आमचे १४ गुंठे आजेसासऱ्यांकडून आले. आम्ही एक रुपया मोजलेला नाही. दलाल महिन्याआड येतो, आंब्याखाली खुर्चीत बसतो, चहा पितो, आकडा सांगतो. तो आकडा बँकेत ठेवला तर नुसतं व्याज वाडीच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट येईल. म्हणजे हिशोबाने आम्ही गरीब नाहीच. रोख नसलेले श्रीमंत आहोत, आणि विकायचं नाही हा आमचा महागडा हट्ट आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला "तू पण बाल्कनीत भाजी लाव गं, खर्च वाचतो" असं सांगायची मला आता लाज वाटते. पूर्वी मी सांगायचे. तिने लावली, ग्रो बॅगा आणि मातीचे पैसे गेले, हाताशी आली सहा वांगी.

दुसरी किंमत भरली ती आजेसासूबाईंच्या कमरेने. लाल लुगडं, डोक्यावर भाजीची पाटी, काळोखात घर सोडून पहाटेची गाडी, मुंबईत दारोदार, आणि परत येऊन म्हशींचं शेणघाण. शेवटची नऊ वर्षं त्या सरळ उभ्या राहू शकल्या नाहीत. त्यांच्या काटकसरीचं आमच्या घरात फार कौतुक होतं. दर मृत्युदिनाला कुणी ना कुणी बोलतंच. कंबरेबद्दल कुणी बोलत नाही. साध्या राहणीवर चर्चमध्ये प्रवचन ऐकताना मी हल्ली पुरुषांच्या बाकांकडे बघते. माना डोलत असतात. साधी राहणी म्हणजे मिक्सरऐवजी पाटा, आणि पाट्यावर कोण बसणार हे आधीच ठरलेलं. मी पाटा काढून टाकला. मसाला डंकावर कुटून आणते, आणि वहीत तो खर्च अभिमानाने लिहिते.

तिसरं पाणी. याबद्दल बोलायला लागले की मुलं उठून जातात, तुम्ही बसा. वसईच्या वाडीत पूर्वी बावखल असायचं. बावखल म्हणजे खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसात भरायचं, वाडी शिंपायला पुरायचं, आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवायचं, वर मासेही मिळायचे. रहाट फिरायचा. मग शहर वाढलं, टँकर आले, विहिरींतून पाणी उपसून विकलं गेलं, आणि समुद्र जवळ असल्याने खाली खारं पाणी सरकलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी त्यावर रान उठवलं तेव्हा मी शाळेत होते. आई मोर्चाला गेली होती आणि दुपारी घरात भात करपला होता, एवढंच मला नीट आठवतं. पण आमच्या विहिरीला आज मे महिन्यात हातभर का होईना गोडं पाणी असतं ते त्या मोर्च्यांमुळे आणि पलीकडच्या वाडीतल्या बावखलामुळे. ते बावखल आमचं नाही. ज्या दिवशी मालक ते बुजवून चाळ बांधेल त्या दिवशी माझं होमस्टेडिंग संपलं. इतकं ते स्वावलंबी!

आता गंमत ऐका. वाडीतला एकमेव रोख पैसा सोनचाफ्याचा. पहाटे फुलं खुडायची, शेकड्याने मोजायची, केळीच्या पानात पुडे बांधायचे, गावातला एक माणूस सगळ्यांचे पुडे गोळा करून पहिल्या गाडीने दादरला नेतो. श्रावण-गणपतीत भाव चढतो, नवरात्रात बरा असतो, मधे पितृपक्षात कोणी विचारत नाही. आमच्या घरात कॅथलिक दिनदर्शिकेशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे ते याच कारणाने. मुलांची पहिल्या सत्राची फी गणपती बाप्पा भरतो म्हटलं तरी चालेल. सासूबाई जपमाळ ओढता ओढता विचारतात, "यंदा अधिक महिना हाय का गो?" गणपतीच्या आधी आला तर गणपती लांबतात आणि फी आधी येते.

कार्तिकात निर्मळच्या जत्रेत सुकेळी विकतात, त्याचंही तसंच. राजेळी केळी पिकवून, सोलून, दिवसांमागून दिवस उन्हात वाळवायची, रोज उलटायची, माश्या राखायच्या, मग केळीच्याच सुक्या पानात बांधायची. मी दोन वर्षं केली. एका वर्षी ढगाळ हवा आली आणि सगळी बुरशीने गेली. तेव्हापासून विकत घेते आणि करणाऱ्या बाईशी भाव करत नाही.

केळीचं मात्र सांगायलाच हवं, कारण शेजार म्हणजे काय ते मला केळीने शिकवलं. केळ एकदाच विते. लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, तयार झालं की खांबाला मध्यावर अर्धी चीर द्यायची, खांब हळूहळू वाकतो, खाली उभ्या माणसाने लोंगर खांद्यावर झेलायचं. एकट्याने करायला गेलं की लोंगर आपटतं, केळी फुटतात, आणि चीक अंगभर. तो डाग कपडा फाटेपर्यंत राहतो. म्हणून हाक मारावी लागते. आमच्याकडे तेच शेजारचे काका येतात. लोंगर उतरलं की आईझाड तोडायचं, बुडाशी एक मुनवा (कोंब) ठेवायचा, बाकीचे काढायचे. कापलेला खांब काकांच्या म्हशींना, आतला गाभा आमच्या भाजीला, केळफूल ज्याने आधी मागितलं त्याला. आणि आठवड्याने काकांकडून शेणाच्या चार पाट्या येतात, त्या पुढच्या केळीला. यातलं काहीही वहीत लिहिता येत नाही. एकदा प्रयत्न केला होता. "खांब दिला – शेण आलं" असं लिहिलं आणि खोडलं, फार हलकट वाटलं.

सासूबाईंचा एक नियम आहे. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला लोंबलेलं तोंडलं आपलं नाही. मला वाटायचं ही त्यांचीच लहर. मग एकदा बायबलमधलं लेवीय हे पुस्तक वाचताना १९ वा अध्याय आला: शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नको, पडलेला सर्वा वेचू नको, तो गरिबाला आणि परक्याला राहू दे. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्यात काय नवीन?"

या सगळ्याचा कस लागला दोन वर्षांपूर्वी. नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं. खासगी दवाखान्यात आधी पन्नास हजार भरा मग बघू, आणि शेवटी बिल १ लाख ८० हजार. वहीतली सगळी बचत तिसऱ्या दिवशी संपली. रात्री बाकड्यावर बसून मी हिशोब केला. अंडं १५ रुपयाला धरलं, म्हणजे १२,००० अंडी. रोज चार धरली तर आठ वर्षांच्या वर. तेही मुंगूस तोपर्यंत थांबलं तर, आणि मुंगूस थांबत नाही, मागच्या पावसात तीन कोंबड्या नेल्या. पैसे कुठून आले? भावाने दिले, काकांनी म्हैस विकून आलेले तसेच पिशवीत आणून दिले, उरलेलं कर्ज आमच्या कॅथलिक बँकेतून. १९१८ साली सुरू झालेली बँक आहे ती, आपल्याच लोकांच्या थोड्याथोड्या ठेवींवर वाढलेली. म्हशीचे पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. काका विषय काढत नाहीत, मीच काढते, मग ते म्हणतात पाऊस कसा काय वाटतो.

अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं मला म्हणूनच पटतं. साधेपणासाठी सगळी दुनिया त्यांचं नाव घेते, पण ते एकेकटे साधे राहत नाहीत. कुणाचा गोठा जळला तर सगळी मंडळी जमून नवा उभा करतात, विम्याच्या कंपनीकडे सहसा जात नाहीत. त्यांची बग्गी आणि टोपी सगळ्यांनी पाहिली, हे मात्र व्हिडिओत येत नाही.

रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्हीही प्रार्थना करतो, धाकट्याचं लक्ष कालवणात असतं. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." माझी नाही, आमची. मला वाटायचं ते नुसतं आदरार्थी बोलणं आहे. आता त्या "आमची"त कोण कोण बसलंय ते मोजायला लागले तर कालवण गार होईल: कोळीण, काका, त्यांच्या म्हशी, बावखलाचा मालक, दादरचा फुलवाला, गणपती आणणारी अख्खी मुंबई.

नणंदेला मी एवढं सगळं नाही लिहिलं. "छान आहे व्हिडिओ, पण तिच्या शेजारी कोण राहतं ते दिसलं नाही" एवढंच लिहिलं. तिने हसणारा चेहरा पाठवला. ती तिकडे विसाव्या मजल्यावर राहते.

बरं, केळी. आज सकाळी दोन लोंगरं उतरवली, काका होते. एक राजेळी, ती सुकेळीवाल्या बाईकडे गेली. दुसरं वेलची केळ्यांचं, सात फण्या, गुरुवारपर्यंत पिकतील. आम्हा पाच जणांना दोन पुरतात. आसपासच्या कुणाला हवी असतील त्यांनी संध्याकाळी पाचनंतर यावं, पिशवी घरून आणावी, आणि फाटक नीट लावून घ्यावं, कोंबड्या बाहेर असतात.