त्या काळी असं कुणी नव्हतंच?

तरुण वाचकांसाठीच्या इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय नायिका, भारतीय नायक किंवा एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोन मुली दाखवणं ही इतिहासाची मोडतोड आहे. अशी माणसं तिथे नव्हतीच, होती ती नोकरचाकर, त्यांची लग्नं कायद्यात बसली नसती, आणि मुलींमधलं प्रेम हे तर आजचं खूळ. हवाला इतिहासाचा दिला आहे, तर इतिहासच काढून बघू.

‘नव्हतीच’ हे यातलं सगळ्यात कच्चं विधान. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये १० ते १५ हजार कृष्णवर्णीय राहत असावेत, असा इतिहासकारांचा प्रचलित अंदाज आहे. मराठी वाचकाला तर फार लांब जायलाच नको. १७८१ साली राघोबादादांचा वकील हनुमंतराव लंडनला पोचला होता. त्याला सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्डच्या आपल्या घरचं झाडं ठेवायचं काचघर मोकळं करून दिलं होतं.

‘नोकरचाकर’? कृष्णवर्णीय इग्नेशियस सांचो लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान चालवायचा आणि १७७४ व १७८० च्या संसदीय निवडणुकांत त्याने मत दिलं. डायडो बेलची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, म्हणून लेखकाच्या अधिक कामाची. आई कृष्णवर्णीय गुलाम, वडील सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे भाचे. ती मॅन्सफील्ड यांच्या लंडनजवळच्या केनवुड वाड्यात वाढली. १७७९ मध्ये तिथे जेवायला आलेल्या एका पाहुण्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय: जेवणं उरकल्यावर ती आली, बायकांत बसली, कॉफीनंतर बागेत फिरताना घरातल्या मुलीचा हात तिच्या हातात होता. म्हणजे दिवाणखान्यात जागा होती, पाहुण्यांच्या पंगतीला नव्हती. हातखर्चही तिच्याबरोबर वाढलेल्या नात्यातल्या बहिणीच्या साधारण एक तृतीयांश. नायिकेला सरसकट लाडकी लेक किंवा सरसकट मोलकरीण केलं की ही पंगत आणि ती बाग यांच्यामधली जागाच हरवते. खरी कथा तिथेच आहे.

लग्नाच्या कायद्याबद्दल तर उलटच आहे. इंग्लंडच्या विवाह कायद्यात वर्णाची अट नव्हती. डायडोने १७९३ मध्ये जॉन डेव्हिनिए याच्याशी लंडनच्या चर्चमध्ये रीतसर लग्न केलं. अडचण होती ती वयाची. १७५३ च्या कायद्यानुसार एकतर चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची जाहीर घोषणा व्हायला हवी, नाहीतर परवाना हवा. वय २१ च्या आत असेल तर परवान्याला वडिलांची संमती लागे, आणि घोषणेच्या वेळी वडील भर चर्चमध्ये उभं राहून हरकत घेऊ शकत. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून पळून जाणारे सीमेपलीकडचं ग्रेटना ग्रीन हे गाव गाठायचे. लंडनहून ३०० मैलांच्या वर, घोडागाडीने. सतरा वर्षांच्या नायिकेचं लग्न लेखकाने संध्याकाळी, घोषणेशिवाय, आईबापांना न विचारता लंडनमध्ये लावून दिलं, तर तिथे इतिहास खरोखर मोडतो. लग्नाची वेळ सकाळी ८ ते १२ एवढीच होती. या चुका गोऱ्या नायक-नायिकांच्या कादंबऱ्यांत ढिगाने सापडतात. त्यांवर आक्षेपाची एक ओळ दिसत नाही.

आयर्लंडचा कायदा आणखी वेगळा, तिथे पंथही आड यायचा. पाटण्याचा दीन मुहम्मद १७८६ मध्ये कॉर्कच्या जेन डेलीबरोबर पळाला तेव्हा त्याने आधी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला आणि घोषणा टाळून, हमीपत्र भरून परवाना घेतला.

राहिलं ‘आजचं खूळ’. यॉर्कच्या मॅनर हाउस शाळेत १८०५ च्या सुमारास चौदा वर्षांच्या दोन मुली माळ्यावरच्या एका खोलीत राहायच्या. एक हॅलिफॅक्सची ॲन लिस्टर. दुसरी एलायझा रेन, मद्रासेत जन्मलेली, वडील ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक, आई भारतीय. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं, तरी वडिलांच्या मृत्युपत्राने एलायझाला चांगली मोठी रक्कम मिळणार होती. वर्ण, अनौरसपणा, पैसा आणि प्रेम असं सगळं एका खोलीत, आणि वय अगदी या कादंबऱ्यांच्या वाचकाचं. दोघींनी ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताची चिन्हं मिसळून गुप्त लिपी वापरायला सुरुवात केली. पुढे ॲनने त्याच लिपीत आपल्या प्रेमसंबंधांबद्दल इतकं उघड लिहून ठेवलं की ‘ती नुसती मैत्री होती’ असं म्हणायला वावच उरत नाही. तिच्या रोजनिशीचे शब्द भरतात सुमारे ५० लाख. त्यातली पहिली नोंद ११ ऑगस्ट १८०६ ची आहे: एलायझा आज निघून गेली. त्यानंतर कुठल्या दिवशी तिचं पत्र आलं, कुठल्या दिवशी आपण लिहिलं, याचा हिशेब.