डांबरगोळ्यांचा फोटो आला की माझं डोकं फिरतं

आला बाबा एकदाचा. किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांचा, म्हणजे समुद्रात सांडलेलं तेल घट्ट होऊन वाळूत येऊन पडतात त्या काळ्या गोळ्यांचा फोटो, खाली 'मासे खाऊ नका, पुढे पाठवा'. कुठला किनारा, कधीचा फोटो, कोण सांगतंय, काही नाही! दर पावसाळ्यात हेच.

माझी आई बाजारात मासे विकते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर पडले, त्यात कीटकनाशकंही होती. भीती खोटी नव्हती. पण आमच्यापर्यंत पोचलं काय? "सध्या मासे टाळा." अरे, कुठले मासे? कुठल्या पाण्यातले? किती दिवस? शेजारणीच्या पाटीत आंध्रच्या तळ्यातला रोहू होता, त्यालाही गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, तेलातला नाही ना?"

खरं तर सांगण्यासारखं कितीतरी होतं. मासा पोटात गेलेले तेलातले विषारी घटक बऱ्यापैकी लवकर बाहेर टाकतो. तिसऱ्या, कालवं हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यांना ते तितक्या लवकर जमत नाही, विष जास्त दिवस साठून राहतं. म्हणजे खाडीतली कालवं बंद ठेवा आणि लांबून बर्फात आलेला पापलेट खुशाल खा, एवढं मराठीत लिहून बाजाराच्या दारावर लावायला काय जात होतं? त्याच वर्षी अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात समुद्रातली तेलविहीर फुटली. तिथे कुठलं पाणी बंद ते नकाशावर दाखवलं. उघडताना आधी शिकवलेली माणसं कच्चा नि शिजवलेला मासा हुंगून, चाखून बघायची, मग प्रयोगशाळा. दोन्हीकडून होकार आला तरच जाळं पाण्यात.

हुंगून! आमची आई जन्मभर दुसरं काय करत आली? तिला कुणी विचारलं नाही. 'टाळा' सांगायला सगळे हजर, 'आता खा' सांगायला एकही साहेब फिरकला नाही. श्रावण संपला, गणपती गेले, तरी आई अर्धी पाटी परत आणायची. भरपाईच्या फॉर्मात नाव होडीवाल्याचं, पाटीवालीचा रकानाच नाही.

आणि काल त्या फोटोनंतर नेहमीच्या एका बाईंचा फोन. "मावशी, सुकट चालेल का हो? तेलाचं ऐकलं म्हणून विचारते."

अहो बाई, ती सुकट एप्रिलात वाळवलीय!