पावणेचार आटे

आज सकाळी मी शेजारच्या काकांच्या दारात टॉवेल गुंडाळून उभा होतो आणि डोक्यावर शाम्पूचा फेस होता, एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला साधारण कळेलच.

घरातले जुने रेडिएटर, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली उबदार ठेवणारे भिंतीवरचे हीटर, बदलायचे होते. वरचा भाग गार राहिला तर आत हवा अडकलीय आणि खालचा गार राहिला तर गाळ साचलाय, असं म्हणतात. आमचे खालून गार. प्लंबर म्हणाला, सगळी सिस्टिम रिकामी करायची गरजच नाही, एकेक रेडिएटर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून काढू, बॉयलर चालू, गरम पाणी चालू, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य मी लिहून घ्यायला हवं होतं.

आणि काका आले. काकांना बोलवावं लागत नाही, हातोडीचा आवाज झाला की ते स्वतःची खुर्ची घेऊन येतात. खरंच घेऊन येतात, फोल्डिंगची.

आता रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह असतात. एक आकडेवाला, खोली गार झाली की आपोआप उघडणारा. हा नुसता शून्यावर ठेवून भागत नाही, कडक थंडीत तो स्वतःहून उघडतो आणि पाणी थेट सतरंजीवर, म्हणून त्याला वेगळं टोपण लावून दाबून बंद करायचं. दुसरा टोपीखाली लपलेला, कुठल्या खोलीला किती पाणी द्यायचं ते ठरवणारा. हा बंद करताना किती आटे फिरवले ते मोजायचं, नंतर तेवढेच उघडायचे, नाहीतर एक खोली भट्टी आणि दुसरी गुहा. प्लंबरने मोजायचं काम मला दिलं, म्हणजे खरं तर मला बाजूला केलं.

"एक... दोन..." मी.

"अरे, हे पाणी एवढं काळं का?" काका.

टबात खरोखर शाईसारखं पाणी पडत होतं. लोखंड आतून झिजून झिजून असं होतं, त्यात नवल काही नाही. पण काकांचा चेहरा पडला. "आणि याच पाण्याने तुम्ही आंघोळ करता?"

"नाही हो काका, हे पाणी वेगळं. हे वर्षानुवर्षं त्याच पाइपात गोल गोल फिरतं. नळाचं पाणी ताजं येतं. बॉयलरमध्ये पातळ पत्रे असतात, एका बाजूने हे गरम काळं, दुसऱ्या बाजूने ते स्वच्छ. फक्त ऊब जाते, पाणी मिसळत नाही."

"हां, म्हणजे आपल्या दोन फ्लॅटसारखं. भिंत एक, संबंध नाही."

"अगदी."

"मग या बाजूचं पाणी संपलं तर त्या बाजूला ऊब कुठून येणार?"

मी म्हणलं काका, संपणार नाही, पाइपातल्या पाण्याचं प्रेशर दीड बारवर आहे, म्हणजे ठीक आहे, तुम्ही चहा घ्या. आणि एवढ्यात माझा आकडा हरवला. साडेतीन की पावणेचार? काका म्हणाले सव्वाचार. प्लंबर म्हणाला, टाका चार, सगळ्यांचं समाधान. माझ्या घरातलं तापमान असं मतदानाने ठरलं.

काम संध्याकाळपर्यंत झालं, नवे पांढरेशुभ्र रेडिएटर, गरम पाणी पूर्णवेळ चालू, मी उगाच दोनदा हात धुतले. फक्त कुठल्यातरी जोडावर थेंब थेंब गळत होतं आणि ते रात्रभर गळत राहिलं. सकाळी मी शॉवरखाली, फेस अगदी भरात, आणि पाणी कोमट, मग गार, मग ज्याला माझ्याकडे शब्द नाही असं. गळून गळून बॉयलरच्या प्रेशरच्या काट्याने शून्य गाठलं होतं आणि तो बंद पडला होता. म्हणजे काकांचा प्रश्न बरोबर होता. याचा राग मला गार पाण्यापेक्षा जास्त आला.

प्लंबरला फोन केला तर म्हणे, "काम हीटिंगचं होतं साहेब, गरम पाण्याला मी हातच लावला नाही." कोर्टात टिकेल असं वाक्य आहे हे. बरं, प्रेशर परत भरायला एक छोटी लवचीक नळी लागते, मग मीच भरतो, नळी कुठाय? त्याच्या पिशवीत. चुकून गेली. दुपारनंतर येतो म्हणाला. दुपारनंतर म्हणजे कधी ते विचारायला मी थांबलो नाही, फेस डोळ्यात उतरत होता.

काकांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. नुसतं बाथरूमकडे बोट दाखवलं.

आत गेलो, नळ सोडला, वाफ आली. डोळे मिटले. तेवढ्यात दारावर टकटक.

"अरे भिंतीपलीकडच्या! सव्वाचारच होते. तू चारवर ठेवलंस म्हणून झालं हे सगळं."

आट्यांचा आणि गळतीचा काडीचा संबंध नाही. पण टॉवेलवर उभ्या माणसाने वाद घालू नये, म्हणून मी नळ पूर्ण सोडला आणि त्यांचं गरम पाणी संपेपर्यंत बाहेर आलो नाही.