एक लोच सोडा म्हणे, तळ साफ होईल

एक सल्ला सध्या फार फिरतोय. कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र असतात त्या टँकमध्ये, एक कुहली लोच (तळाशी राहणारा, सापासारखा लांबट बारीक मासा) सोडा, तळाची सगळी घाण तो खातो, त्याला वेगळं खायला घालावं लागत नाही, गोगलगाई पण संपवतो आणि तळाशीच पडून असतो म्हणून लहानशा टँकमध्येही चालून जातो. एका वाक्यात एवढ्या चुका बसवायच्या म्हणजे कसब लागतं राव!

सगळ्यात आधी तो "एक". कुहली घोळक्यात राहणारा मासा आहे, पाच-सहा तरी हवेतच, आठ-दहा असले तर अजून उत्तम. एकटा आणला की जो दगडाखाली शिरतो तो आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, आणि मग आपणच म्हणतो की निशाचर आहे, असाच असतो. निशाचर आहे हे खरंय. पण सोबतीला पाच जण आणि लपायला भरपूर जागा असली की हेच मासे भर दिवसा एकमेकांवर गुंता करून पडलेले दिसतात, जेवणाच्या वेळी तर बाहेर येतातच. लोचचीच दुसरी जात, ड्वार्फ चेन लोच, तिचं त्याहून पुढचं, हा थायलंडकडचा जेमतेम 5-6 सेंमीचा मासा दिवसाच फिरतो, पाण्याच्या मधल्या थरातही पोहतो, पण घोळका असेल तर. एकटा पडला की एकतर कोपऱ्यात कोमेजतो नाहीतर दुसऱ्या माशांच्या मागे लागतो.

बरं, घाण म्हणजे नेमकं काय? उरलेले दाणे खातो, मान्य. माशांची विष्ठा खाऊन कुठलाच लोच जगत नाही, आणि कुहली शेवाळंही साफ करत नाही. शिवाय जे खाल्लं ते बाहेरही पडणारच ना, म्हणजे पाण्यात नायट्रेट, म्हणजे घाणीतून साठत जाणारं रसायन, वाढलंच. आठवड्याला 25-30 टक्के पाणी बदलणं आणि तळाला सायफन मारणं (नळीने तळाची घाण ओढून काढणं) तुम्हाला चुकत नाही.

"वेगळं खायला नको" हा मुद्दा मात्र जीवघेणा आहे. टेट्रा आणि बार्बसारखे वर पोहणारे मासे वरच्या वर सगळं फस्त करतात, खाली पोचतं काय? एकटा कुहली भित्रा, तो लपून बसतो, लपतो म्हणून उपाशी राहतो, आणि दिसतच नाही म्हणून तो बारीक झालाय हे कुणाला कळतही नाही. म्हणजे तो मरायला टेकलेला असतो आणि आपण सांगत सुटतो की बघा, काही न घालता कसा मजेत आहे. लाइट बंद केल्यावर बुडणाऱ्या पेलेट टाका, अधूनमधून फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या).

गोगलगाईंच्या बाबतीत सरळ माणूस चुकलाय, म्हणजे मासा. गोगलगाय शंखातून ओढून खातात ते बोटिया गटातले लोच, यो-यो किंवा झेब्रा लोच. कुहलीचं तोंड एवढंसं, फार तर अंडी नाहीतर अगदी बारकी पिल्लं खाईल. आणि या कामासाठी कुणी 5 सेंमीचा गोंडस क्लाउन लोच सुचवला तर हात जोडा, तो वाढत वाढत 25-30 सेंमीचा होतो. गोगलगाई बहुतेक वेळा जास्त खाणं टाकल्यानेच वाढतात, मूठ आवरा आधी.

लहान टँकबद्दल थोडक्यात. कुहली 8-10 सेंमीचा होतो, नीट ठेवला तर दहा वर्षंही जगतो, आणि तळाशी राहतो म्हणूनच त्याला तळाची जागा जास्त लागते, टँकची उंची त्याच्या काही कामाची नाही. तळाला बारीक वाळू हवी, टोकदार खड्यांनी मिशा झिजतात.

आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावाच. माझ्या सहापैकी एक कुहली गायब झाला, मेला समजून मी सोडून दिला होता, दोन आठवड्यांनी फिल्टर साफ करायला उघडला तर हा आत जिवंत, आणि सहा जणांत सगळ्यात जाड. आता म्हणाल बघा, न घालता जगला. अहो, पंप टँकमधलं खाणं ओढून थेट त्याच्याच ताटात वाढत होता!