झोपेत पैसे

"तुम्ही झोपलेले असता तेव्हाही पैसे येत राहतात," असं मला व्हेंडिंग मशीन, म्हणजे पैसे टाकले की खाऊचं पाकीट देणारं यंत्र, विकणारा म्हणाला. त्यातला 'झोप' हा शब्द ऐकून मी सही केली.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, झोपायला मशीन कशाला लागतं? तुम्ही नाहीतरी झोपताच की." या वाक्यात पुढचं सगळं आलं होतं, पण मी तेव्हा नफ्याचा हिशेब मांडत होतो.

व्हेंडिंग मशीन काचेमागून बघताना कपाटासारखं वाटतं. उचलायला गेलं की कळतं, रिकाम्याचंच वजन तीनशे किलोंच्या वर. मी मशीनची रुंदी मोजली होती, दाराची मोजली होती. जिन्याच्या वळणाची नव्हती. मशीन अर्धा दिवस त्या वळणावर उभं होतं, आणि तेवढ्यात दोघांनी त्यात नाणं टाकायचा प्रयत्नही केला. धंद्याची सर्वांत उत्साही गिऱ्हाइकं मला तिथे भेटली. पुढे तशी नाही भेटली.

कारण हा धंदा मशीनचा नाहीच, जागेचा आहे. जिथे माणसं आहेत तिथे आधीच कुणाचं तरी मशीन असतं. जिथे मशीन नाही, तिथे ते का नाही हे आपल्याला महिनाभरात समजतं. शेवटी एक जागामालक मिळाले. त्यांनी विक्रीतला वाटा मागितला. मी आनंदाने दिला. विक्रीतला वाटा आणि नफ्यातला वाटा यांत फरक असतो हे मला पहिल्याच महिन्यात कळलं, कारण नफा नव्हता आणि वाटा होता.

आता स्प्रिंगबद्दल. आतल्या प्रत्येक वस्तूमागे एक आडवी स्प्रिंग असते. ती एक पूर्ण वेढा फिरते आणि सर्वांत पुढचं पाकीट खाली ढकलते. इतकं सोपं. फक्त वेढ्यांमधलं अंतर पाकिटाच्या जाडीला साजेसं हवं, पाकीट सरळ उभं हवं, आणि स्प्रिंगचं टोक नेमक्या कोनात थांबायला हवं. यातलं एक चुकलं की पाकीट अर्धं बाहेर येऊन लोंबकळतं. खाली अवरक्त किरणांचा सेन्सर असतो. काहीच पडलं नाही असं दिसलं की तो स्प्रिंग आणखी थोडी फिरवतो किंवा पैसे परत करतो. माझ्या मशीनमध्ये तो पहिल्या आठवड्यात दोन दोन पाकिटं देत होता. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला 'नीट' बसवलं. तेव्हापासून तो कशावरच विश्वास ठेवेना.

वास्तविक ही विद्या जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक यंत्रज्ञाने देवळात पवित्र पाणी देणाऱ्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलंय. वरून पाच द्राक्मांचं नाणं टाकायचं. ते तबकडीवर पडलं की दांडी झुकायची, झडप उघडायची, पाणी यायचं. नाणं घसरून खाली पडलं की झडप बंद. मला त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या मालाचा हेवा वाटतो. पाणी लोंबकळत नाही.

माझं नाण्यांचं यंत्र हेरॉनच्या मानाने फारच चिकित्सक. नाण्याचा व्यास, जाडी, धातू सगळं तपासतं आणि खरं नाणं परत करतं. नोटेचा एक कोपरा दुमडलेला असला तरी जीभ दाखवावी तशी ती बाहेर काढतं. बटण मात्र ते कधीच नाकारत नाही. शर्टाचं बटण, तेही आडवं बसलेलं, मी स्वतः चिमट्याने काढलंय. सुट्ट्या पैशांच्या नळ्या रिकाम्या झाल्या की 'नेमकी रक्कम टाका' अशी पाटी उजळते, आणि ती वाचून लोक सर्वांत मोठी नोट काढतात.

1822 साली लंडनमध्ये रिचर्ड कार्लाइल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने बंदी असलेली पुस्तकं विकायला असंच एक यंत्र केलं. विकणारा कोण, हे कोर्टाला सांगता येऊ नये म्हणून! या धंद्याचं मर्म त्या माणसाला कळलं होतं. मी माझा मोबाइल नंबर ठळक अक्षरांत काचेवर चिकटवलाय.

फोन रात्री येतात. "तुमच्या मशीनने माझं चॉकलेट धरून ठेवलंय." धरून ठेवलंय! जणू मीच आत बसून ओढतोय. एकाने तर पंधरा मिनिटं मशीनची बाजू मलाच समजावून सांगितली. शेवटी मी रात्री फोनचा आवाज बंद करून झोपायला लागलो. विकणाऱ्याने दिलेल्या आश्वासनातला निदान अर्धा भाग तरी वसूल व्हावा.

परवा मशीन भरायला गेलो आणि किल्ली घरी राहिली. भूक लागली होती, म्हणून स्वतःच्याच मशीनमध्ये नाणं टाकलं. स्प्रिंग फिरली. पाकीट पुढे आलं, झुकलं आणि थांबलं. मी इकडेतिकडे बघून खांद्याने एक धक्का दिला. वास्तविक 'मशीन हलवू नये, अंगावर पडून इजा होऊ शकते' ही सूचना मीच चिकटवलेली आहे.

मागून एक गृहस्थ आले. सहानुभूतीने काचेकडे बघत म्हणाले, "अडकलं का? त्या नंबरवर फोन करू नका हं. मी तीनदा केला. झोपलेला असतो तो."