आप्पा दहात की एकवीसात?

बंड्याने बूड टेकायच्या आधीच मोबाईल पुढे केला. "वाचा. भारतात २१ कोटी शुगरवाले!"

"हॅट!" आप्पा उसळले. जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात गेला, हिशेब जुळला नाही की त्यांना झोप येत नाही. "परवापरवा तर १० कोटी होते. एकदम दुप्पट? मटका लागलाय का?"

सुन्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतो, त्यामुळे या विषयात नाइलाजाने त्याचं ऐकावं लागतं. "आप्पा, हे दोन वेगळे अभ्यास आहेत. १० कोटींचा आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०२३ मध्ये छापून आला. विशीच्या वरची १ लाख १३ हजार माणसं तपासली, ११.४ टक्के निघाली."

"१४० कोटींत लाखभर?" बंड्या म्हणाला. "आमच्या मंडळाच्या शिबिरात चाळीसातले पंधरा निघाले होते!"

"शिबिराला येतो कोण? ज्याला आधीच शंका असते तो. शितावरून भाताची परीक्षा होते रे, पण शितं सगळ्या पातेल्यातली हवीत."

"तळाचा करपलेला, वरचा कच्चा," मी म्हणालो.

"अगदी! गोव्यात २६.४ टक्के, उत्तर प्रदेशात ४.८. नुसती गोव्याची शितं घेतली असती तर पाव देश मधुमेही ठरला असता. म्हणून राज्यागणिक, शहर वेगळं, खेडं वेगळं. पण गोम अशी की हे काम २००८ ते २०२० चाललं, आणि महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात झाला."

"म्हणजे आपला आकडा शिळा," आप्पा खूश झाले. "पण दुप्पट कसं, ते सांग."

"माप बदललं. आयसीएमआरने उपाशीपोटीची साखर बघितली, शिवाय ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी परत रक्त घेतलं. २१ कोटीवाल्यांनी २०२२ साठी उपाशीपोटीची साखर, नाहीतर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी धरली. एकात सापडतो तो दुसऱ्यात सापडेलच असं नाही. शिवाय अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच चढा दिसतो, आणि आपल्याकडे लोह कमी असणारे काय थोडे आहेत?"

"म्हणजे २१ खोटे!" बंड्या.

"तसं कुठे म्हणालो? उपाशीपोटी साखर नीट, पण वर्षानुवर्षं एचबीएवनसी वर, असेही लोक रोज येतात माझ्याकडे."

आप्पा एवढ्यात गप्प झाले होते. मग खिशातून चौघडी केलेला कागद काढून त्यांनी हळूच सुन्यापुढे धरला. उपाशीपोटी ११८, एचबीएवनसी ६.७.

"मी कशात?"

सुन्याने दोनदा वाचलं. "उपाशीपोटीची रेष १२६ ची, म्हणजे त्यात नाही. एचबीएवनसीची ६.५. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त दिलंत का?"

"नाही रे."

"मग दहात अजून नाही. एकवीसात मात्र धरलंय तुम्हाला."

आप्पांनी कागदाची पुन्हा चौघडी केली. "तुझी लॅब सकाळी किती वाजता उघडते?"