तेविसावं लागलं म्हणजे ट्वेंटी थ्री नव्हे!

इंग्रजीत वय सांगताना आपल्या मुलांची जी गडबड होते ती निम्मी व्याकरणाची आणि निम्मी मोजणीची असते, असं माझं ठाम मत आहे. व्याकरण निदान क्लासमध्ये शिकवतात. मोजणी कुणीच शिकवत नाही.

आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी सांगतात. 'बावीस पूर्ण झाली' असंही म्हणतात आणि 'तेविसावं लागलं' असंही. दोन्ही अगदी बरोबर. घरातली म्हातारी माणसं तर हमखास दुसऱ्या तऱ्हेनं सांगतात, "आषाढात सातवं लागलं बघ त्याला." इंग्रजी फक्त पूर्ण झालेली वर्षं धरतं. पुढचा वाढदिवस उजाडेपर्यंत माणूस ट्वेंटी टूच. म्हणून 'आय ॲम रनिंग ट्वेंटी थ्री' हे वाक्य इथं खपून जातं, पण बाहेरच्या माणसाला त्यातून वय कळतच नाही.

मराठीतही आपण हे दोन हिशेब एकमेकांत मिसळतो. लतादीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, निधन ६ फेब्रुवारी २०२२ ला. म्हणजे ९२ वर्षं पूर्ण, त्र्याण्णवावं चालू. तरी 'वयाच्या ९२ व्या वर्षी निधन' असंच सर्रास लिहिलं गेलं. मराठीत तो आता रूढ प्रयोग आहे, त्याला माझी हरकत नाही. पण तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत 'इन हर नाइंटी सेकंड इयर' केलं की त्यांचं वय ९१ होतं! तिथं 'ॲट नाइंटी टू' किंवा 'ॲट द एज ऑफ नाइंटी टू' एवढंच हवं.

आता वाक्यरचना. 'मी दहा वर्षांचा आहे' यावरून मुलं 'आय ॲम ऑफ टेन इयर्स' म्हणतात. 'आय ॲम टेन' पुरतं, नाहीतर पूर्ण 'आय ॲम टेन इयर्स ओल्ड'. 'आय ॲम टेन इयर्स' हे मधेच सोडलेलं वाक्य आहे. सगळ्यात जास्त चुकतं ते 'टेन इयर्स ओल्ड बॉय'. नामाच्या आधी आलं की 'इयर' एकवचनी राहतं आणि मधे जोडरेघा येतात: 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय'. हा नियम मुलांना नवीन नाहीच. 'फाइव्ह-स्टार हॉटेल' आणि 'टेन-रुपी नोट' ती रोज म्हणतात, 'फाइव्ह-स्टार्स हॉटेल' कुणीच म्हणत नाही. शिक्षकांनो, इथूनच सुरुवात करा ना! पोरांना नियम पाठ करायची गरजच पडणार नाही. 'तिशीत', 'चाळिशीत'चं तर कामच सोपं: 'इन हर थर्टीज', 'इन हिज फॉर्टीज'. फक्त 'टीन्स' म्हणजे तेरा ते एकोणीस, हे सांगून ठेवा. दहा-अकरा त्यात येत नाहीत.

वयाचा हिशेब अर्जात चुकला तर मात्र महागात पडतं, म्हणून मी याबद्दल इतक्या पोटतिडकीनं लिहितेय. स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीत वय 'ॲज ऑन' अमुक तारखेला विचारलेलं असतं. त्या तारखेला किती पूर्ण, तेवढंच लिहायचं. आजचं वय नाही, चालू वर्षही नाही. एलआयसीच्या माहितीपत्रकात आणखी बारकावा सापडतो. प्रवेशाचं किमान वय 'कम्प्लीटेड' आणि कमाल वय 'निअरर बर्थडे', असं बऱ्याच योजनांत असतं. 'निअरर बर्थडे' म्हणजे मागचा-पुढचा जो वाढदिवस जवळचा, त्याचं वय. बावीस वर्षं आठ महिन्यांचा मुलगा पहिल्या हिशेबानं २२ चा, दुसऱ्यानं २३ चा.

आणि गावाकडच्या शाळेत गुरुजींनी १ जून जन्मतारीख लावलेली ती अख्खी पिढी! त्यातले सरकारी नोकरीतले लोक ३१ मे रोजी निवृत्त होतात, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याची सेवा आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. पूर्ण वर्षांचा हिशेब त्यांच्याइतका पक्का कुणाला ठाऊक असणार? तुमच्या घरात असं कुणी असेल तर नातवंडांना त्यांच्यासमोर बसवा, कागद-पेन्सिल द्या आणि घरातल्या प्रत्येकाचं वय आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहायला लावा.